उजव्या गिअरची जुनी बुलेट घेताना : आधी कागद, मग नंबर, मग चेसिस, इंजिन शेवटी

प्रश्न असा आहे : नाशिक जिल्ह्यात १९८६ सालची, उजव्या पायाने गिअर टाकायची स्टँडर्ड ३५० विकायला आहे. मालकाचं म्हणणं, गाडी पूर्ण ओरिजिनल आहे, इंजिन नुकतंच बांधलंय, कागद क्लिअर आहेत, टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म) सह्या करून देतो. घ्यावी का, आणि काय पाहून घ्यावी?

बहुतेक लोक इंजिनाचा ठोका ऐकून गाडी पसंत करतात आणि कागद नंतर बघू म्हणतात. बुलेटच्या बाबतीत हा क्रम नेमका उलटा हवा. मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरला १९५५-५६ पासून ही गाडी बनायला लागली आणि बिडाच्या सिलिंडरचं इंजिन २००८ ते २०१० च्या सुमारास बंद होईपर्यंत त्याची मूळ रचना तीच राहिली : ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, ३४६ सीसी. इतकी वर्षं एकच इंजिन चालल्यामुळे त्याचा जवळजवळ प्रत्येक पार्ट आजही बाजारात मिळतो. पिस्टन, क्रँक, गिअर, अगदी अख्खं हेडसुद्धा. पैसे मोजून न मिळणाऱ्या गोष्टी दोनच : चेसिसवरचा खरा नंबर आणि त्या नंबराशी जुळणारी जिवंत आरसी. संग्राहक म्हणून तुम्ही जास्तीची किंमत मोजता ती याच दोन गोष्टींसाठी.

म्हणून गाडी बघायला जाण्याआधी आरसीच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवा. आरसी बुक असेल तर सगळी पानं. १९८६ ची नोंदणी म्हणजे तीन अक्षरं आणि चार आकड्यांचा जुना नंबर असायला हवा. एमएच आणि जिल्ह्याचा आकडा ही पद्धत नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाल्यावर आली. जुन्या सालच्या गाडीवर एमएच नंबर दिसला तर ती मधे कधीतरी परराज्यातून आली, लष्करी लिलावातून नागरी नोंदणीत आली, किंवा साल खोटं सांगितलं जातंय. पहिल्या दोन गोष्टींत वावगं काही नाही, पण त्यांचे कागद दिसले पाहिजेत. नव्वदच्या दशकातल्या बुलेटला जुने मडगार्ड आणि जुनं सीट चढवून साठच्या दशकातली म्हणून विकणं फार सोपं आहे, कारण बाहेरून फरक थोडा असतो. अशा वेळी नोंदणीची तारीखच खरं सांगते.

मग नूतनीकरण. पहिली १५ वर्षं २००१ मध्ये संपली. तेव्हा आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून पासिंग व्हायला हवं : २००१, २००६, २०११, २०१६, २०२१ असं पुढे. आरसीवर या नोंदी सलग आहेत का पाहा. मधे दहा वर्षांचं भगदाड असेल तर गाडी तेवढा काळ कुठे आणि कशा अवस्थेत होती हे विचारा. शेवटचं पासिंग राहिलं असेल तर विलंबाचा दंड महिन्याच्या हिशेबाने चढतो आणि पर्यावरण कर वेगळा. हा खर्च विक्रेत्याने करून द्यायचा की किमतीतून वजा करायचा, ते आधीच ठरवा. माझं मत स्पष्ट आहे : पासिंग त्याच्याच नावावर होऊ द्या. निरीक्षकाने गाडी पाहून नंबर तपासले की निम्मी शंका तिथेच मिटते.

वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. आरसीची स्थिती ॲक्टिव्ह हवी. एनओसी दिलेली, रद्द किंवा ब्लॅकलिस्ट असं काही दिसलं तर थांबा. काहीच दिसलं नाही तर घाबरू नका. संगणकाआधीच्या कित्येक गाड्या बॅकलॉगमध्ये, म्हणजे अजून संगणकावर न चढलेल्या नोंदींत आहेत. पण ती नोंद मूळ रजिस्टर ज्या कार्यालयात आहे तिथूनच चढते आणि त्यासाठी मूळ आरसी लागते. पूर्वी एका कार्यालयाखाली मोठा प्रदेश असायचा आणि नंतर त्याची विभागणी झाली, म्हणून रजिस्टर नाशिकला आहे की आणखी कुठे, हे विक्रेत्यालाच शोधायला लावा. नोंद चढेपर्यंत पैसे देऊ नका.

एक सोपी चाचणी आहे, ती जरूर करा. एचएसआरपी (सरकारी सुरक्षा नंबर प्लेट) बुक करताना चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे मागतात. विक्रेत्याला तुमच्यासमोर ते भरायला सांगा. गाडीवर कोरलेले आकडे टाकून बुकिंग पुढे सरकलं तर सरकारी नोंद आणि लोखंड निदान तेवढ्यापुरतं जुळतं.

आता टीटी फॉर्म. फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेऊन गाडी तीन-चार हातांतून फिरते आणि आरसीवर नाव मात्र पहिल्याच माणसाचं राहतं. जुन्या बुलेटमध्ये हा माणूस बहुधा हयात नसतो. तसं असेल तर त्या सह्यांना काही अर्थ नाही. वारसाने आधी फॉर्म ३१ वर गाडी स्वतःच्या नावावर करायची, बाकी वारसांची संमती जोडायची, आणि मगच तुम्हाला विकायची. लिलावातून घेतलेल्या गाडीला फॉर्म ३२ लागतो. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर कर्ज कधीच फिटलंय हे तोंडी सांगून चालत नाही. फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हवं, आणि ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर आजच्या बँकेचं.

गाडी परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी (मूळ आरटीओचं ना हरकत पत्र) कोणत्या आरटीओच्या नावे आहे ते वाचा. पुण्याच्या नावाची एनओसी घेऊन कोल्हापूरला नोंदणी होत नाही. दिल्ली परिसरात १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या पुष्कळ बुलेट इकडे आल्या. त्यात चांगल्याही आहेत, पण एनओसीशिवाय आलेली गाडी म्हणजे भंगाराच्या भावाचं लोखंड.

आरसीवरची इंधनाची ओळ तर कुणीच वाचत नाही. ती वाचा. एन्फिल्डने टॉरस नावाची डिझेल बुलेटही विकली, ३२५ सीसीचं लोंबार्डिनी पद्धतीचं इंजिन असलेली. शिवाय त्या काळात कित्येक पेट्रोल बुलेटचं इंजिन काढून तसलंच डिझेल इंजिन बसवलं गेलं. पुढे पेट्रोल बुलेटला भाव आला आणि याच गाड्यांत पुन्हा पेट्रोल इंजिनं बसली. आरसीवर इंधन डिझेल आणि गाडीत पेट्रोल इंजिन, किंवा इंधन पेट्रोल पण इंजिन नंबर भलताच, असे नमुने यातूनच येतात. आरटीओच्या मंजुरीशिवाय केलेला असा बदल पुढच्या पासिंगला अडकतो आणि अपघात झाला तर विम्यालाही.

इथवर सगळं बरोबर असेल तरच गाडी बघायला निघा. सोबत चांगला टॉर्च, भिंग, फ्रिजवरचं लोहचुंबक, ५ मीटर दोरी, पांढरा कागद, मऊ पेन्सिल, प्लग पाना आणि थोडं रॉकेल किंवा थिनर घ्या.

चेसिस नंबर स्टिअरिंग हेडच्या नळीवर असतो आणि इंजिन नंबर डाव्या बाजूच्या चेंबरवर (क्रँक ज्यात बसतो ते कवच), सिलिंडरच्या बुडाशी. दोन्ही जागा थिनरने स्वच्छ पुसा. रंगाचा जाड थर असेल तर मालकाच्या परवानगीने तो काढा. परवानगी मिळत नसेल तर तेही उत्तरच आहे. कारखान्यात अक्षरं हाताने ठोकली जात, त्यामुळे ती किंचित वरखाली असू शकतात, पण खोली आणि अक्षरांचा घाट सारखा असतो. एखादाच आकडा जास्त खोल, ३ चा ८ केल्यासारखा गुबगुबीत, किंवा आकड्याच्या कडेला पुसट जुन्या रेघा, ही छेडछाडीची चिन्हं. टॉर्च समोरून न मारता बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरा. घासलेला खड्डा तिरप्या उजेडात लगेच दिसतो. इंजिनावर नंबराभोवतीचा ओतीव खरखरीत पोत टिकून आहे का पाहा. तिथे आरशासारखं गुळगुळीत असेल तर कानस फिरली आहे. नळीवर नंबराच्या वर-खाली वेल्डिंगची गोल कड असेल तर तो तुकडा दुसऱ्या चेसिसचा आहे. अशी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये, कारण मागे चोरीची गाडी असू शकते आणि उद्या जबाब तुम्हाला द्यावा लागेल. गंजामुळे नंबर खरंच गेला असेल तर तो आरटीओच्या लेखी परवानगीने पुन्हा कोरता येतो. ते पत्र दाखवता आलं पाहिजे.

दोन्ही नंबरांवर कागद ठेवून पेन्सिलचा छाप घ्या आणि आरसीशी एकेक अक्षर ताडून पाहा. बऱ्याच बुलेटवर इंजिन आणि चेसिस नंबर एकच असतात, पण ते एकमेकांशी जुळणं पुरेसं नाही, आरसीशी जुळायला हवेत. जुन्या आरसी बुकात कारकुनाने बी चा ८ लिहिलेला सापडतो. तशी चूक दुरुस्त होते, मात्र ती विक्रेत्याने करून द्यायची.

आणखी एक बारकावा. चेंबरचे दोन अर्ध कारखान्यात जोडीने कापले जातात. फुटलेला डावा अर्ध बदलला तर नंबर तर जातोच, शिवाय सिलिंडर बसतो तिथे दोन अर्धांच्या सांध्यावर नखाला लागेल अशी पायरी राहू शकते. ओरिजिनल म्हणून सांगितलेल्या गाडीत ही पायरी लागली तर भाव निम्म्या गाडीचाच करा.

चेसिसकडे या. बुलेटच्या चौकटीत पुढची नळी एकच आणि ती इंजिनापाशी संपते. खालून नळ्या नाहीत, इंजिन हाच चौकटीचा भाग असतो. त्यामुळे समोरून बसलेला धक्का त्या नळीच्या वरच्या टोकाला, स्टिअरिंग हेडच्या खाली, सुरकुतीसारखा उमटतो. तिथे बोट फिरवा. टाकी उतरवता आली तर उत्तमच. दुधाच्या कॅन वाहिलेल्या गाड्यांची मागची कमान खाली बसलेली असते आणि शॉकअब्सॉर्बरच्या वरच्या पकडीजवळ चिरा जातात. साइडकार ओढलेली गाडी एका अंगाला कलते.

दोरीची परीक्षा स्टँडर्ड ३५० वर फार चांगली होते, कारण पुढचा-मागचा टायर एकाच मापाचा, ३.२५-१९ असतो. आधी चेन ॲडजस्टर दोन्हीकडे सारख्या खुणेवर आहेत ना ते पाहा. मग दोरी मागच्या टायरला मागून वळसा घालून दोन्ही बाजूंनी पुढे ताणा. हँडल सरळ धरल्यावर पुढचा टायर दोन्हीकडे दोरीला सारखा टेकला पाहिजे. एका बाजूला सारखं अंतर राहत असेल तर रिम किंवा स्पोकची बांधणी सरकली आहे, ते दुरुस्त होतं. पुढचं चाक मागच्याच्या तुलनेत उभ्या रेषेत कललेलं दिसत असेल तर फोर्क पिळला आहे किंवा चेसिस. फोर्क बदलता येतो. चेसिस जिगवर सरळ करणारे कारागीर आहेत, पण किमतीत ते काम धरायला हवं.

पत्र्याला लोहचुंबक लावा. टाकीवर आणि मडगार्डवर ते जिथे सटकतं तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. टाकीच्या आत टॉर्च मारा. आतून रेझिनचा लेप दिलेला असेल तर इथेनॉलमिश्रित पेट्रोलने तो सुटून कार्ब्युरेटरमध्ये येण्याची भीती असते. टाकीवरच्या सोनेरी रेघा कारखान्यात हाताने, ब्रशने मारत. नीट पाहिलं तर रेघेच्या शेवटी ब्रश उचललेला कळतो. स्टिकरच्या रेघा म्हणजे टाकी नंतर रंगवलेली. तो दोष नाही, पण ओरिजिनल पेंटचा भाव द्यायचा नाही. हेडलाइटवरचे दोन छोटे दिवे (टायगर लॅम्प), अँपिअर मीटर, टूलबॉक्स, मूळ एअर फिल्टरचा डबा हे शाबूत असतील तर त्यांना वजन द्या. नव्या बनावटीचा पत्रा मिळतो, पण जुन्याच्या जाडीचा नसतो.

आता इंजिन. गेल्या गेल्या सिलिंडरला हात लावा. गरम असेल तर चहा घ्या आणि निवू द्या. थंड गाडीच खरं बोलते.

डीकॉम्प्रेसर (सिलिंडरातला दाब सोडणारी कळ) न दाबता किक हळू खाली न्या, अडेल तिथे अंगाचा भार द्या. चांगल्या इंजिनात किक काही सेकंद तुम्हाला तोलून धरते आणि मग सावकाश बसते. लगेच खाली गेली तर कॉम्प्रेशन पळतंय. प्लग काढून चमचाभर इंजिन ऑइल आत टाका, डीकॉम्प्रेसर दाबून चार-पाच किक फिरवा, प्लग लावा, पुन्हा भार द्या. फरक पडला तर रिंगा आणि बोअर, नाही पडला तर व्हॉल्व्ह. बोअर झिजल्यावर २०, ३०, ४०, ६० (इंचाचे हजारावे भाग) असे ओव्हरसाइज पिस्टन बसतात. आत्ता कितवा आहे ते विचारा. ६० चा बसला असेल तर पुढच्या खेपेला नवा सिलिंडर किंवा नवा स्लीव्ह लागेल. किक मधेच घसरत असेल तर तो कॉम्प्रेशनचा दोष नाही, किकचा पंजा आणि दाते गेलेत.

गाडी सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटाला पांढरट-निळा धूर आला म्हणून नाकारू नका. उभ्या गाडीत ऑइलच्या टाकीतलं ऑइल पंपातून झिरपून क्रँकखाली उतरतं, ते जळून जातं. पाच मिनिटांनीही धूर तसाच असेल तर मात्र दोष आहे : थ्रॉटल सोडल्यावर धूर वाढला तर व्हॉल्व्ह गाइड, जोर दिल्यावर वाढला तर रिंगा. याच झिरपण्यामुळे ऑइलची पातळी नेहमी इंजिन चालवून झाल्यावर मोजायची. सकाळी मोजून कमी दिसलं म्हणून वर ओतणारे पुष्कळ. मग ब्रीदरमधून (इंजिनातली हवा सोडणारी नळी) तेच ऑइल बाहेर फेकलं जातं आणि सगळे म्हणतात, बुलेट आहे, गळणारच.

सर्वात महत्त्वाची तपासणी ऑइलच्या फेऱ्याची. इंजिन गरम झाल्यावर सिलिंडर हेडकडे जाणाऱ्या बारीक पाइपचा बँजो बोल्ट (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) अर्धा फेरा सैल करा. चालू इंजिनात तिथून ऑइल पाझरायलाच हवं. पाझरलं नाही तर लगेच बंद करा. पंप झिजला असेल, पंप फिरवणारा वर्म नट सैल झाला असेल, किंवा टायमिंग कव्हर बसवताना चूक झाली असेल. नुकतंच बांधलेल्या इंजिनात मला या शेवटच्या कारणाची धास्ती जास्त वाटते : गास्केटचं भोक ऑइलच्या वाटेवर आलं नाही, फेल्टचा फिल्टर चुकीच्या वॉशरसकट बसला, किंवा सिलिकॉनचा ढीग लावला आणि त्याचा गोळा सुटून वाटेत अडकला. जोडांमधून सिलिकॉनच्या जाड लोळ्या बाहेर आलेल्या दिसल्या की आतही तेवढ्याच आहेत असं धरून चाला. यात पहिला मरतो तो बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं टोक. या इंजिनाचा बिग एंड फिरत्या बुशवर चालतो आणि त्याला अखंड ऑइल लागतं. तो गेला की जोर देताना खालून जड, खोल ठोका येतो. वरून येणारी हलकी टकटक टॅपेटची. ती थंड इंजिनात, कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सर्वात वर असताना), पुशरॉड बोटाने फिरेल पण वरखाली हलणार नाही इतकी बसवली की जाते.

किक उलटी मारत असेल तर ठिणगीचं टायमिंग पुढे गेलंय. पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी आणि पॉइंट उघडण्याची वेळ पिस्टन टीडीसीच्या ०.८ मिमी आधी, हे माप. गॅप नीट ठेवूनही आयडलिंग लहरी असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याचं बुश झिजलंय.

चालवून पाहताना सावध राहा. उजवीकडे गिअर, पहिला वर आणि बाकी तीन खाली, आणि ब्रेक डाव्या पायाला. सवय नसलेला माणूस गडबडीत ब्रेक समजून गिअर दाबतो. आधी मोकळ्या मैदानात दहा मिनिटं चालवा. मग चढावर दुसऱ्या गिअरमध्ये जोर द्या आणि सोडा, असं चार वेळा. गिअर उडत असेल तर पेटी उघडावी लागणार. अधूनमधून खोटा न्यूट्रल लागणं या पेटीचा स्वभावच आहे. प्रायमरी कव्हर (डावीकडचं क्लचवरचं झाकण) एकाच नटवर बसतं. गळती थांबावी म्हणून तो नट आवळत सुटल्यास कव्हर वाकतं आणि गळती वाढते. नवा रबर सील लावला की काम होतं, भाव पाडायला ते कारण पुरेसं नाही.

व्हिंटेजबद्दल विचारलं नाहीत, पण विक्रेते तो शब्द सहज वापरतात, म्हणून सांगतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपातली गाडीच व्हिंटेज. त्यात नव्याने नोंदणी केली तर व्हीए मालिकेचा नंबर, २०,००० रुपये शुल्क आणि १० वर्षांची मुदत. अशी गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कारणांसाठीच काढायची. १९८६ ची गाडी यात बसतच नाही, आणि तुम्हाला ती चालवायची असेल तर साधी नोंदणीच तुमच्या सोयीची आहे.

सौदा ठरला तर टोकन थोडं द्या आणि कागदावर द्या : दोन्ही नंबर पूर्ण लिहून, पेन्सिलचे छाप चिकटवून, आणि नंबर किंवा नोंद जुळली नाही तर टोकन परत अशी अट घालून. मोठी रक्कम तुमचं नाव पोर्टलवर दिसल्यावर. पुढच्या पासिंगचं वर्ष कोणतं, ते त्या कागदावरच लिहून ठेवा. गाडी घरी टेंपोतून आणा, चालवत नको. आल्यावर इंजिनाच्या खालचे ऑइल सोडायचे प्लग काढून ऑइल स्वच्छ कापडातून गाळा. चंदेरी चकाकणारी पापडी दिसली तर बिग एंडचं बुश सुटायला लागलंय, गाडी पुन्हा सुरू न करता चेंबर उघडायला द्या. काही नसेल तर फेल्टचा फिल्टर बदला, २०डब्ल्यू५० ऑइल भरा, ऑइलच्या टाकीत साधारण सव्वादोन लिटर मावतं, आणि हेडच्या बँजोवर ऑइल आलेलं डोळ्यांनी पाहून मगच पहिली फेरी मारा.